ओला ताणा

काकाजी,

तुमच्या तेरवीला वाटायच्या पुस्तिकेसाठी तुमच्या मुलानं, सुरेशभाऊंनी, माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण किती, नागपुरातल्या सदर भागातलं लोखंडाचं दुकान केव्हा सुरू केलं, लोकांच्या मदतीसाठी तुमचा निधी कसा स्थापन झाला, हे सगळं त्यात यावं असं ते म्हणाले. मी कोरा कागद घेऊन बसलो, 'कैलासवासी' हा शब्द लिहिला आणि थांबलो. त्याच्यापुढे तुमचं नाव लिहिणं मला जमेना. ती माहिती आपले डॉक्टरसाहेब लिहितील. ते निधीचे पहिल्यापासूनचे विश्वस्त, त्यांना सगळं पाठ आहे. मी तुमच्याशीच बोलतो. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते पुरं केल्याशिवाय तुमच्याविषयी दुसऱ्या कोणाला काही सांगणं मला खोटं वाटेल.

पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो तेव्हा मी आमच्या खापा गावच्या शाळेतून मॅट्रिक झालो होतो. बाबांच्या मागे लपायचं वय नव्हतं, तरी लपलो होतो. वरून साखळ्या लोंबत होत्या, खाली फावड्यांचे ढीग, बिजागऱ्यांच्या पेट्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये पांढऱ्या टोपीतले तुम्ही. कॉलेजला मदत मागायला येणारी मुलं गुणपत्रिका पुढे धरूनच यायची. मीही धरली होती. तुम्ही ती बघितलीच नाही.

"बाप काय करते?"

"घरी माग आहे. लुगडी विणतात."

"आन् सुताच्या कांड्या कोन भरते?"

"माय भरते. मी भी भरतो."

"अभ्यास करता करता?"

"हो."

"मंग तुले कॉलेज जड नाही जात." एवढं बोलून तुम्ही बाबांकडे वळलात. "पोट्टा ठेवून जा. पन एक अट आहे. दर रविवारी जेवाले इकडं यायचं. हॉस्टेलचं वरन खाऊन अक्कल भी पातळ होते."

बाबा खाप्याला परत गेले आणि मायला म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण मार्क नाही विचारले, कांड्या विचारल्या. माय हसली म्हणे. तिला ठाऊक होतं. तुमच्या आजोबांनी माग सोडून नागपुरात लोखंड विकायला घेतलं होतं, आणि तुमची बायको, आमच्या अनसूयाकाकू, खाप्याच्या कोष्टीपुऱ्यातली. मायची बालमैत्रीण. म्हणून सगळ्या खाप्याचे तुम्ही जवाईबापू. पुढे जे काही घडलं, चुकलं आणि दुरुस्त झालं, ते सगळं या एका नात्यातून झालं असं मला आता वाटतं.

मी रविवारी यायला लागलो तेव्हा काकूंना जाऊन बराच काळ झाला होता. स्वयंपाकीण बाई वाढायच्या, आणि तुम्ही समोर बसून कॉलेजात काय शिकवलं ते विचारायचे. एकदा मी मागणी आणि पुरवठा समजावून सांगत होतो. तुम्ही मन लावून ऐकलं आणि म्हणालात, "हे तं माझ्या दुकानात रोज होऊन राहिलं, आन् मी फी भी नाही घेत." मी वरमलो. मग तुम्हीच म्हणालात, "सांग, सांग. पुढं काय होते ते सांग. पोळी घे अजून." आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अर्थशास्त्राचं पुस्तक मला किती कळलं ते देव जाणे, पण आपण जे शिकतो ते कोणीतरी जेवता जेवता ऐकून घेतं, ही गोष्ट मला पदवीपेक्षा मोठी वाटायची. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

निकाल लागला त्या दिवसापासून तुम्ही माझं नाव टाकून दिलंत. "ये ग्रॅज्युएट, चाय पी." ग्राहकांसमोर, हमालांसमोर, सगळीकडे ग्रॅज्युएट. तुम्ही रागावलात की मात्र मनोहर म्हणायचे. त्यामुळे स्वतःचं नाव ऐकलं की काय चुकलं ते मी आठवू लागायचो.

बँकेत नोकरी लागत असताना मी निधीत आलो, ते तुम्हाला पटलं नव्हतं. दुकानाच्या माळ्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि खालून येणारा लोखंडाचा खणखणाट, एवढंच निधीचं कार्यालय. तिथे बसून मी तुमची आणि विश्वस्तांची भांडणं ऐकायचो. कोणी म्हणे धर्मशाळा बांधा, कोणी म्हणे पाणपोई घाला, वर्षातून एकदा मोठी पंगत द्या. तुम्ही म्हणायचे, "पंगतीत जेवून लोक घरी जातीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल आहेच ना? ज्याच्या हाताले काम येते, त्याचं काम बंद पडू नाही, एवढं पाहा. चूल तो पाहून घेईन." सावनेरला खाणीत नवरे गमावलेल्या बायांना शिवणयंत्रं दिली ती त्याच हट्टातून. डॉक्टरसाहेब चिडून म्हणाले होते, "यात पुण्य कुठे आहे?" तुम्ही म्हणालात, "पुन्य तुम्ही ठेवा, यंत्रं त्यायले द्या."

पण खाप्याच्या शेडबद्दल बोलायला तुम्ही नाखूष असायचे. ती शेड मी शाळेत असताना बांधली गेली. काकू तुम्हाला सांगायच्या, मागानं आमचं घर खाल्लं. एवढ्याशा खोलीत मागाचा खड्डा, त्याच्याभोवती सामान, आणि पोरं सुताच्या धुळीत मागाखाली झोपायची. त्या गेल्यावर तुम्ही ठरवलं की त्यांच्या माहेरच्या घराघरातून माग बाहेर काढायचा. लांबलचक कौलारू शेड उभी केली, मोठ्या खिडक्या ठेवल्या, नवे माग बसवले. मधोमध भिंत घातली, एका बाजूला पुरुषांनी आणि दुसऱ्या बाजूला बायांनी मोकळेपणी काम करावं म्हणून. त्या भिंतीवर संगमरवरी पाटी, काकूंच्या नावाची. उद्घाटनाला सारं खापा लोटलं होतं. मीही शाळेच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कोणी आलं नाही. महिनाभरानंही नाही. तुम्ही विचारलं की लोक म्हणायचे, "येऊ ना जवाईबापू, हा एवढा ताणा उतरू द्या." जावयाला तोंडावर नाही कोण म्हणणार? लग्नसराईत तिथे वऱ्हाड उतरू लागलं, एरवी शेळ्या बसायच्या. तुम्ही दरवर्षी चुना मारून घ्यायचे, आणि गाव दरवर्षी तुम्हाला चहा पाजून परत पाठवायचं.

मी निधीत आल्यावर तुम्ही मला घेऊन आमच्या घरी गेलात, तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. तुम्ही ओट्यावर बसला होता. बाबा मागावरून उठून दाराशी उभे. मायनं चहा आणून दिला.

तुम्ही कप खाली ठेवलात. "आता खरं सांगा. शेडमध्ये काहून येत नाही कोनी?"

बाबा आढ्याकडे बघू लागले.

"मी सांगू का?" माय म्हणाली. "रागावाल तं रागवा. मी काही तुमची सासू नाही, मेहुनी लागते."

"सांगा."

"माग शेडात गेला का मानूस शेडात जाते. मंग मी कांड्या घेऊन तिकडं बसू का चुलीजवळ बसू? तिकडं गेली तं भात करपते, इकडं राहिली तं मागावरचा हात थांबते. आन् दुसरं सांगू? माग घरात आहे म्हून लुगडं कोन्या दुकानदाराले द्याचं, कोन्या रंगाचं काढाचं, हे मले विचारल्याशिवाय होत नाही. माग बाहेर गेला का मले कोन विचारते?"

"पन अनसूया म्हने, मागानं घर खाल्लं."

"म्हननच. तिले लहानपनापासून मागाचा राग. म्हून तं लोखंडवाल्याच्या घरी गेली."

तुम्ही इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी पुसत उठलात. परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर बघत म्हणालात, "इतकी वर्षं सगळे हार घालून राहिले मले. एक शब्द नाही बोलले." थोड्या वेळानं म्हणालात, "तुझ्या मायले निधीवर घ्याले पाह्यजे."

शेडचं काय करायचं हे पुस्तकातून सुचलं नाही, मला नाही आणि तुम्हालाही नाही. ते पावसानं दाखवलं. माग न पाहिलेल्या वाचकासाठी इथे थोडं सांगतो, तुम्ही कंटाळू नका. लुगड्याचं उभं सूत म्हणजे ताणा. मागावर चढवण्याआधी तो लांबच्या लांब ताणून त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून मोठ्या कुंच्यानं ती घासत नेतात. सूत सुकेपर्यंत कुंचा थांबता कामा नये. थांबला तर धाग्याला धागा चिकटतो आणि सगळा ताणा वाया जातो. हे काम एका घरच्या हातांनी होत नाही, शेजारच्या घरांतले हात लागतात. आज माझा ताणा, उद्या तुझा. एवढी लांबी घरात मावत नाही म्हणून हे गल्लीत चालायचं. पावसाळ्यात गल्लीत ताणा लावता येत नसे. घराघरातले माग रिकामे व्हायचे आणि विणणारी माणसं सावनेरकडच्या खाणींवर मजुरीला जायची. त्यातली काही परत मागावर बसत नसत.

त्या पावसाळ्यात एके दिवशी उघाड बघून बाबांनी गल्लीत ताणा लावला होता. मी शेडची फुटकी कौलं बघायला गेलो होतो, किल्ली माझ्या खिशात होती. खळ लावून झाली आणि पाऊस आला. सगळे ताणा तसाच उचलून शेडकडे धावले. "दार उघड रे, दार उघड!" मी उघडलं. ताणा आत गेला आणि भिंतीपाशी अडला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आतला वाचला. बाहेरचा भिजून गोळा झाला. बाबा त्या चिकटलेल्या धाग्यांपाशी बसले आणि म्हणाले, "ही भिंत नसती तं..." मग त्यांचं लक्ष वर गेलं. काकूंचं नाव दिसलं. त्यांनी वाक्य गिळलं आणि त्या दगडाला हात जोडले.

मी दुसऱ्या दिवशी माळ्यावर तुम्हाला म्हणालो, "काकाजी, शेडमधली भिंत पाडावी लागते."

"कोनती?"

"मधली."

"तिथं तिचं नाव आहे."

"नाव दारावर लावू ना."

"दारावर नाव दुकानाले लावतात, मनोहर."

मनोहर म्हणालात. त्यानंतर कित्येक दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मी समजावत राहिलो, लांबी सांगितली, पावसाळा सांगितला, खाणीवर जाणारी माणसं सांगितली. तुम्ही ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. मग एका सकाळी दुकान उघडताच म्हणालात, "चाल, ग्रॅज्युएट." दुकानातली नवी सब्बल, भिंत फोडायची पहार, उचललीत आणि चालायला लागलात. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, इसका भी टिकट लगेगा." तुम्ही म्हणालात, "लगाव."

दगड तुम्ही स्वतः काढलात, कडांना धक्का न लावता. भिंत मग बाबांनी आणि शेजाऱ्यांनी पाडली. शेडमधले माग ज्यांच्या घरी नव्हते त्यांना दिले, आणि लांबच्या लांब शेड ताण्यांसाठी मोकळी झाली. परतताना दगड दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता तुम्ही. घरी नेला नाही, दुकानात गल्ल्याच्या मागे उभा केला. खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं, हा संगमरवर कसा दिला? तुम्ही म्हणायचे, "एकच पीस आहे, तो घरचा आहे." तो शेडच्या दारावर का लावू दिला नाही हे मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं, तुमच्या मनाला लागलं असेल.

कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. बाहेरगावच्या एका संस्थेचे लोक शेड बघायला आले होते आणि तुम्ही त्यांना घेऊन पावसाळ्यातच खाप्याला गेलात. दारात गाडी थांबली. आत आमचे शेजारी नामदेवराव यांचा ताणा लागला होता, खळ नुकतीच चढली होती. जवाईबापू आले म्हटल्यावर सगळ्यांनी कुंचे खाली ठेवले. हार आणले, खुर्च्या मांडल्या. नामदेवरावांनी खळीच्या हातांनी तुम्हाला हार घातला. पाहुण्यांची भाषणं झाली. आपण आत गेलो तेव्हा ताणा वाळून दोरखंडासारखा झाला होता.

"जाऊ द्या," नामदेवराव हसून म्हणाले, "जवाईबापू काय रोज येते?"

तुम्ही हसला नाहीत. त्यांना नवं सूत निधीतून देऊ केलंत, ते त्यांनी घेतलं नाही. गाडीत पाहुणे फार खूश होते. लोकांमध्ये केवढी कृतज्ञता आहे, म्हणत होते. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "माझ्यासाठी कुंचा खाली ठेवला. म्हंजे शेड अजून माझीच आहे."

तेव्हापासून तुम्ही न सांगता जायला लागलात. मागच्या दारानं आत शिरायचे आणि खळीच्या हंड्याजवळ म्हाताऱ्यांच्या शेजारी बसायचे. तरी कोणीतरी बघायचंच. कोणीतरी उठायचं, पदर सारखा करायचं, चहाला पोराला पिटाळायचं. तुम्ही चिडायचे, "बसा ना, बसा. मी काही आलो नाही." माय म्हणायची, "मंग हा कोन बसला आहे, भूत?"

शेडमुळे खाप्याचं सोनं झालं असं मी लिहिलं तर तुम्ही वरून खिळ्याची पुडी फेकून माराल. सोनं झालं नाही. यंत्रमागाचं लुगडं स्वस्त आहे, आणि ते खपतच राहिलं. कितीतरी घरांतली मुलं खाणीत गेली ती गेलीच. पण पावसाळ्यात माग थांबायचा थांबला. श्रावणात नागपूरच्या दुकानदाराकडे खाप्याचं लुगडं जाऊ लागलं, आणि ज्यांना विणायचं होतं त्यांना पाऊस पडतो म्हणून कला सोडावी लागली नाही. माझे बाबा आजही विणतात. एका शेडनं एवढं होतं. निधीनं एवढंच करावं असं तुम्ही म्हणायचे.

आणि मग आपलं ते भांडण. या वर्षी उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, शेड विणकरांच्या सोसायटीच्या नावे करून टाकू. जागा, इमारत, सगळं. निधीचा हात काढून घेऊ. मी विरोध केला. आजही माझी कारणं मला खोटी वाटत नाहीत. मी म्हणालो, "उद्या कोणी पुढारी त्यात घुसेल आणि शेडचं गोदाम करेल. निधी आहे म्हणून दरवर्षी कौलं शाकारली जातात. सोसायटीत दोन तट पडले तर कुलूप लागेल."

"लागू दे. कुलूप त्यायचं राहीन."

"पण निधी काय दूर आहे? आपण सांभाळूच."

"मी किती दिवस सांभाळीन? सुरेशले दुकानातून वेळ नाही. तू म्हातारा होशीन. मंग?" तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवलीत. "सोसायटीत तुझा बाप आहे. बापावर भरवसा नाही तुझा?"

"बापावर आहे. बापाच्या शेजाऱ्यांवर नाही."

तुम्ही हसायला गेलात आणि खोकल्यानं वाकलात. खोकला थांबल्यावर म्हणालात, "कोष्ट्याचा पोट्टा शिकला का त्याचा कोष्ट्यावरचा भरवसा उडते काय गा?"

ते मला लागलं. खालून चहा आला होता, तो तसाच ठेवून मी माळ्यावरून उतरलो. निधीच्या नियमाप्रमाणे असल्या गोष्टीला सगळ्या विश्वस्तांची सही लागते, आणि मला तुम्हीच विश्वस्त केलं होतं. माझ्या नकारावर तुम्ही दुसऱ्याकडून दबाव आणू शकला असता. आणला नाहीत. मला पटण्याची वाट बघत बसलात.

दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता, टोपीशिवाय. तुम्हाला टोपीशिवाय मी क्वचितच बघितलं होतं.

"विचार केला?"

"करून राहिलो."

"कर. घाई नाही."

घाई होती, हे दोघांनाही कळत होतं. तुम्ही थोडा श्वास घेतला. "खाप्याले जाऊन ये. पावसाचे दिवस आहे, शेड भरली असंन. पाहून ये. मंग भांडू."

मला त्या वेळी पुष्कळ बोलायचं होतं. रविवारच्या पोळ्यांबद्दल, त्या मागणी-पुरवठ्याबद्दल, तुमच्या दुकानातून बाहेर पडताना मी खाप्याचा राहून नागपूरचा कसा झालो त्याबद्दल. तोंडातून निघालं ते एवढंच, "औषध वेळेवर घ्या." तुम्ही मान हलवलीत. मी खाप्याला जाऊ शकलो नाही. त्याआधीच तुम्ही गेलात.

सकाळी ही बातमी कळली. मी खाप्याच्या नगरपालिकेत ट्रंक कॉल लावला, तिथल्या शिपायाला कोष्टीपुऱ्यात निरोप द्यायला सांगितलं. दुपारी अंत्ययात्रा निघायचं ठरलं. सदरमधल्या दुकानांची शटर्स खाली आली. हमाल आले, सावनेरच्या शिवणवाल्या बाया आल्या, निधीनं शिकवलेली मुलं आली, काही तर आता पोक्त झालेली. सुरेशभाऊ पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते. "खाप्याचं कोणी दिसत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाबांचं सासर ते. त्यांच्यासाठी एवढं केलं बाबांनी." मी मान खाली घातली. माझं गाव, माझे बाबा. घाटावर अग्नी दिला तरी त्यांतलं कोणी आलं नाही. काकाजी, त्या वेळी मला तुमचा राग आला. मनात म्हणालो, बघा, यांच्या नावे करत होता तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं ते आले. बाबा, माय, नामदेवराव, अख्खी गल्ली. बाबांच्या नखांमध्ये खळ वाळून पांढरी झाली होती. मी त्यांना आत जाऊ दिलं नाही. बाहेरच अडवलं.

"काल काहून नाही आले?"

"ताणा ओला होता," बाबा म्हणाले.

"कोणाचा?"

"सगळ्यायचे. आठ दिवसांच्या झडीनंतर काल उघाड पडली होती. शेड भरून ताणे लागले होते. खळ चढली आन् शिपाई दारात आला निरोप घेऊन."

"मग?"

मायनं सांगितलं. "मंग काय? बाया रडून राहिल्या होत्या आन् कुंचा मारून राहिल्या होत्या. नामदेवरावच्या डोळ्याचं पानी ताण्यावर पडून राहिलं, तं मी म्हनलं, तोंड तिकडं फिरवा, सूत नासंन. दमट हवेत सुकता सुकता दिवस गेला. ताणे वाळेपर्यंत शेवटची गाडी निघून गेली होती." मग ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जवाईबापू रागावले असते का रे?"

मी बाजूला झालो. ते आत गेले, सुरेशभाऊंच्या गळ्यात पडले. सुरेशभाऊंना मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, तुमच्यासारखेच. पूर्ण पटलं की नाही ते माहीत नाही. तुमचं आणि काकूंचं नाव एकत्र कोरून शेडच्या दारावर लावावं अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हणालो, ते आता शेडवाल्यांना विचारू. दगड गल्ल्यामागेच आहे. द्यायचा झाला तर तोही त्यांच्या हाती देऊ.

तेरवीनंतर विश्वस्तांची बैठक आहे. डॉक्टरसाहेब म्हणाले, काकाजींच्या माघारी एवढा मोठा निर्णय लगेच नको. मी म्हणालो, निर्णय झालेला आहे, आपण फक्त कागदावर आणायचा आहे. पुढे तिथे गोदाम होईल की तट पडतील, मला सांगता येत नाही. ती भीती गेलेली नाही. पण ज्या माणसाला ते जावई मानत होते, तो गेल्याचा निरोप दारात उभा होता, आणि एकानंही कुंचा खाली ठेवला नाही. हे बघायला तुम्ही मागच्या दारानं कितीदा जाऊन बसला होता.

सही मी करतो आहे, काकाजी. भांडणात तुमचं बरोबर निघालं. माझा त्या दिवशीचा चहा तेवढा राहिला.

तुमचा,
मनोहर